कृष्णाकाठची विद्या आणि कृष्णाकाठचे कारखाने

केंद्र सरकारने १ जुलै २०२५ रोजी संशोधन, विकास आणि नवोपक्रम ह्यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचा प्रारंभही झाला. तत्पूर्वी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करावयाचे आणि त्यांतील मोठा हिस्सा सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून मिळवावयाचा, असा त्या प्रतिष्ठानाचा संकल्प आहे. आकडे डोळे दिपविणारे आहेत, ह्यात संशय नाही. परंतु आम्हांस एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. दिल्लीहून निघालेल्या ह्या गंगेचे पाणी मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत आणि साताऱ्याच्या महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणार कोणत्या पाटाने? पाट खणलेला नसेल, तर धरण कितीही भरो, शेत कोरडेच राहावयाचे.

हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाही. आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियासारखा देश ह्याच कामी साडेचार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. आपल्याकडील त्या तुटपुंज्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के, तर प्रगत देशांत तो बहुधा निम्म्याहून पुष्कळ वर जातो. म्हणजे आपल्याकडे संशोधन ही सरकारची जबाबदारी, शिक्षण ही विद्यापीठाची जबाबदारी आणि माल विकणे ही कारखानदाराची जबाबदारी, अशी वाटणी होऊन बसली आहे. तिघांच्या घरांमधील भिंती इतक्या जाड झाल्या आहेत, की एका घरातील हाक दुसऱ्या घरात ऐकू येत नाही.

आणि गंमत अशी, की सातारा-सांगलीच्या भूमीस ही वाटणी मुळीच परंपरागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतील शिक्षक. शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावी आले, सायकली दुरुस्त करू लागले आणि पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर, पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर घडविणे हे त्या काळी संशोधनच होते. लोखंडाने जमीन नासेल, अशी धास्ती बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात तो चालवून दाखविणे हाही त्या संशोधनाचाच उत्तरार्ध होता. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात शिकावयास गेले. त्या विद्यापीठाने नुकताच, १९२० च्या आसपास, उद्योगांशी करार करून त्यांचे प्रश्न सोडविण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला होता. विद्यापीठ आणि कारखाना ह्यांच्या भागीदारीची जी कल्पना आज नवी म्हणून आपल्यापुढे मांडली जाते, तिच्या जन्मस्थानी कृष्णाकाठचा एक विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी बसून आला होता.

किर्लोस्करवाडीपाठोपाठ १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि त्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. सातारा रोडला धनजीशा कूपर ह्यांनी नांगर आणि पुढे इंजिने बनविण्यास आरंभ केला. अशा कारखान्यांच्या मालाचा प्रचार करीत गावोगाव हिंडलेला एक तरुण १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करतो, ही गोष्ट तर आमच्या मते ह्या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांना कारखाना आणि शाळा ह्या दोन वेगळ्या जगांतील वस्तू वाटल्या नाहीत. 'कमवा आणि शिका' ह्या त्यांच्या मंत्रात हाताने करण्याचे काम आणि डोक्याने करण्याचे काम ह्यांत उच्चनीच मानलेले नाही. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला, त्याच १९४७ साली धोंडूमामा साठे ह्यांनी सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तेच १९५५ पासून वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. १९६० साली कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०२१ साली रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. विद्या आहे, कारखाने आहेत, परंपरा आहे. मग अडते कोठे?

अडते ते प्रथम कारखान्यात. ह्या पट्ट्यातील बहुसंख्य लहान कारखाने स्वतःचा माल बनवीत नाहीत. ते मोठ्या कंपन्यांच्या नकाशाबरहुकूम सुटे भाग ओतून वा कातून देतात. नकाशा दुसऱ्याचा, धातूची प्रत दुसऱ्याने ठरविलेली आणि दर वर्षी भावात घट मागणारा हातही दुसऱ्याचाच. अशा मालकाला 'संशोधन करा' असे सांगणे म्हणजे भाडेकरूला वाड्याचा मजला वाढवावयास सांगण्यासारखे आहे. आजचा माल आज पाठवावयाचा, उद्याची मजुरी उद्या द्यावयाची, ह्या विवंचनेत पाच वर्षांनंतरचा विचार करण्यास त्यास उसंत मिळत नाही. परंतु तो पाच वर्षांनंतरचा काळ आता दाराशी येऊन उभा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर नसतो, पिस्टन नसतो, झडपा नसतात. इंजिनाच्या सुट्या भागांवर ज्यांचे पोट चालते, त्या कारखान्यांनी आणि त्यांतील कामगारांनी दुसरे काय बनवावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या कंपनीच्या नकाशातून येणार नाही. ते येथेच शोधावे लागेल, आणि ते एकट्या मालकाला शोधता येणारे नाही.

अडते ते दुसऱ्यांदा महाविद्यालयात. आमच्या प्राध्यापकाच्या डोक्यावर तासिकांचा भार असतो, रिकाम्या जागांमुळे दुसऱ्याच्याही तासिका त्यालाच घ्याव्या लागतात, आणि त्याची बढती मोजली जाते ती मुख्यतः छापलेल्या निबंधांवर. एखाद्या फौंड्रीतील ओतीव भागांत छिद्रे का पडतात, ह्याचा छडा लावण्यात त्याने सहा महिने घालविले आणि शेकडो भाग भंगारात जाण्यापासून वाचविले, तरी त्याच्या सेवापुस्तकात त्याबद्दल एक ओळही पडत नाही. उलट दूरदेशीच्या एखाद्या नियतकालिकात, कोणीही न वाचलेला, चार पानांचा लेख छापून आला तर गुण मिळतात. माणूस ज्यासाठी गुण मिळतात तेच करतो. ह्यात प्राध्यापकांचा दोष काढण्यापेक्षा गुण देणाऱ्यांची तराजू तपासणे अधिक न्यायाचे होईल.

ह्या दोन अडचणींवर आजवर शोधलेला उपाय म्हणजे सामंजस्य करार. करारावर सह्या होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्र छापण्यासाठी आमच्याकडेही येते आणि आम्ही ते छापतोही. सबब ह्या दोषातून आम्ही स्वतःस वगळीत नाही. परंतु अशा करारांपैकी बहुतेकांत काम कोणते, ते कोणी करावयाचे, किती दिवसांत करावयाचे आणि पैसा कोणी घालावयाचा, ह्या चार प्रश्नांची उत्तरे नसतात. विद्यार्थ्यांची एक दिवसाची कारखानाभेट आणि वर्षातून एक व्याख्यान एवढ्यावर करार आपली जन्मठेप भोगून संपतो. मूल्यांकन समितीस दाखविण्याच्या फाईलीत मात्र तो चिरंजीव असतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योगांशी साहचर्य ह्यांसाठी विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद केली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु कायद्याने मंडळ निर्माण होते, विश्वास निर्माण होत नाही.

मग विश्वास कशाने निर्माण होतो? ह्याचे उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी आपली स्थिती आहे. सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र चालू आहे. आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आहे. 'को ८६०३२' ही जात ह्या केंद्राने शेतकऱ्यांपर्यंत आणली आणि 'फुले २६५' ही जात येथेच निपजली. साखर कारखान्याचा उतारा आणि शेतकऱ्याचे टनेज ह्या दोन्ही गोष्टी ह्या केंद्राच्या प्रयोगभूमीशी जोडलेल्या आहेत, म्हणूनच त्याचे निष्कर्ष कपाटात पडून राहत नाहीत. पुढे १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन पुण्याजवळ मांजरी येथे स्वतःची संशोधनसंस्था उभी केली. सांगलीचे वसंतदादा पाटील ह्यांचे नाव १९८९ साली तिला देण्यात आले. ही संस्था सरकारच्या कृपेवर उभी राहिली नाही. कारखान्यांनी आपल्या गाळपाच्या प्रमाणात वर्गणी दिली आणि ज्याची वर्गणी त्याचा प्रश्न, हे सूत्र पाळले. सहकाराच्या आजच्या दोषांवर आम्ही ह्याच स्तंभातून अनेकदा लिहिले आहे आणि प्रसंगी पुन्हा लिहू. परंतु प्रतिस्पर्धी कारखान्यांनी एका प्रयोगशाळेसाठी एकत्र खिशात हात घातला, ही गोष्ट त्या दोषांमुळे खोटी ठरत नाही.

फलटणलाच १९६८ साली निघालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे उदाहरण आणखी निराळे आहे. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ मेंढीत जुळी देण्याचा एक गुण आनुवंशिक असतो. तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणण्याचे काम ह्या संस्थेने पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या साहाय्याने केले, आणि 'सुवर्णा' ह्या नावाने ती मेंढी धनगरांच्या कळपांत जाऊन पोहोचली. येथे जनुकशास्त्रज्ञ होता, परदेशी विद्यापीठ होते आणि माळावरचा मेंढपाळही होता. भागीदारीत मेंढपाळास अखेरचा ग्राहक न समजता आरंभापासूनचा साथीदार समजले, म्हणून ती टिकली.

महाराष्ट्राचा मोठा दाखला द्यावयाचा तर तो मुंबईचा द्यावा लागेल. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रशास्त्राचा विभाग काढला, तो कापड गिरण्यांच्या गरजेतून. त्या वेळचे कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर हे स्वतः गिरणीव्यवसायातील होते. रंग, खळ, धुलाई ह्यांच्या व्यवहारी प्रश्नांपासून सुरू झालेल्या त्या विभागाने पुढे देशाच्या रसायन उद्योगाला दोन-तीन पिढ्यांचे तंत्रज्ञ आणि उद्योजक पुरविले, डॉ. रघुनाथ माशेलकर तेथलेच. गिरण्या गेल्या, पण त्यांच्या प्रश्नांतून जन्मलेली विद्या राहिली. बाहेरच्या जगाकडे पाहावयाचे तर १९४९ साली जर्मनीत निघालेली फ्राउनहोफर संस्था पाहावी. तिच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग सरकारच्या कायम अनुदानाचा, बाकीचा भाग उद्योगांच्या आणि सार्वजनिक प्रकल्पांच्या कामांतून मिळवावयाचा, अशी तिची घडण आहे. अनुदान असल्याने संशोधक लाचार होत नाही आणि उरलेले मिळवावे लागत असल्याने तो आळशीही होत नाही.

आता आपल्या अंगणातील प्रश्न पाहा. तासगाव भागातील बेदाणा तयार करताना द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट ह्यांच्या द्रावणात बुडवितात. त्याने सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि घड लवकर वाळतो. मूळ युक्ती ऑस्ट्रेलियातील. परंतु आपल्याकडील अवकाळी पावसाची दमट हवा ऑस्ट्रेलियाची नव्हे. शेडवर पडलेला माल दोन दिवसांच्या ढगाळ हवेने काळवंडतो आणि वर्षाची मेहनत निम्म्या भावाने जाते. हा प्रश्न रसायनाचा आहे, वाऱ्याच्या अभ्यासाचा आहे, उष्णतेच्या शास्त्राचा आहे. म्हणजे आमच्या तीन वेगवेगळ्या विभागांत बसलेल्या तीन प्राध्यापकांचा आहे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचेही तसेच. जमिनीखाली बंद केलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, कारण आतली हवा जीवघेणी असे. त्याच हवेने कीडही मरत होती, हे जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते. २००५ च्या महापुराने पुष्कळशी पेवे निकामी केली. ती विद्या मोजून, तपासून, नव्या गोदामांत आणता आली तर सांगलीच्या बाजारपेठेस केवढा लाभ होईल!

आणि जे आपण मोजून, लिहून ठेवीत नाही, त्याचे काय होते, हेही हळदीनेच आपल्याला शिकविले आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर पेटंट मिळविले. आमच्या आजीबाईंच्या हाताला जे ठाऊक होते, ते परदेशी कागदावर शोध म्हणून उमटले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत, ते आव्हानिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. परंतु ही लढाई जिंकता आली ती छापील पुरावा दाखविता आला म्हणून, हे विसरता कामा नये.

ह्या सर्वांचा विचार करून आम्हांस काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने प्रश्नांची एक वही ठेवावी. तीत कारखानदारांनी आपल्या अडचणी साध्या मराठीत लिहाव्यात, आणि जवळच्या महाविद्यालयाने दर सत्राच्या आरंभी ती वाचून अखेरच्या वर्षाच्या व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे विषय तीतून निवडावेत. आज विद्यार्थ्याचा प्रकल्प पुष्कळदा पुण्याच्या दुकानातून विकत आणला जातो, तो खरा होण्यास एवढेही पुरेल. दुसरी, साखर कारखान्यांनी केले तेच फौंड्री, बेदाणा, हळद आणि यंत्रभाग ह्या धंद्यांनी करावे. उलाढालीच्या प्रमाणात अल्पशी वर्गणी काढून दोन्ही जिल्ह्यांचा एक संशोधननिधी उभारावा आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालावी. सरकारचा एक लाख कोटींचा निधी मुख्यतः मोठ्या आणि बऱ्याच पुढे गेलेल्या प्रकल्पांसाठी आहे. लहानांचे पहिले पाऊल त्यातून पडणार नाही. संशोधनावरील खर्चाला आयकरात पूर्वी मिळणारी जादा सूट २०२०-२१ पासून उरलेली नाही. विद्यापीठांच्या संशोधन अनुदानांवरील वस्तू व सेवा कर २०२४ साली माफ झाला, हे ठीकच झाले. पण लहान कारखानदाराने विद्यापीठाला दिलेल्या रुपयासाठी तरी जुनी सवलत परत आणावी, अशी आमची केंद्र सरकारला आग्रहाची विनंती आहे. तिसरी, प्राध्यापकाने उद्योगासाठी केलेले काम त्याच्या कार्यभारात आणि बढतीत मोजले जावे, आणि त्याला सहा महिने कारखान्यात व कारखान्यातील अनुभवी माणसाला सहा महिने महाविद्यालयात बसता यावे.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पैसा देणाऱ्याचा हात संशोधकाच्या लेखणीवर पडू नये. कृष्णेत मासे मरून पडल्याच्या बातम्या आम्हांला पुन्हा पुन्हा छापाव्या लागतात. उद्या एखाद्या कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्याच नदीचे पाणी तपासावयास आले, तर तेथील रसायनशास्त्रज्ञाला जे दिसेल ते लिहिता आले पाहिजे. ज्या भागीदारीत हे लिहिता येत नाही, ती भागीदारी नव्हे, ती चाकरी होय. आणि चाकरी करणाऱ्या विद्यापीठाचा सल्ला शेवटी कारखान्यालाही निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या दाखल्यावर कोणीच विश्वास ठेवीत नाही. म्हणून शोधाची मालकी कोणाची, गुप्तता किती महिने पाळावयाची आणि त्यानंतर प्रबंध ग्रंथालयात खुला कधी व्हावयाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. सार्वजनिक आरोग्याशी संबंधित निष्कर्षांस मात्र गुप्ततेचे कोणतेही कलम लागू असू नये. विद्यापीठाने गणित, इतिहास आणि भाषा ह्यांसारखे विषय 'उद्योगास उपयोग नाही' म्हणून बाजूस सारावेत, असाही आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. उपयोगाचे मोजमाप केवळ आजच्या बाजारभावाने करणारा समाज उद्याला मुकतो.

दर वर्षी निकाल लागला, की सांगली आणि साताऱ्याच्या स्थानकांवर पुण्याच्या गाडीला तरुणांची गर्दी होते. आईबाप कौतुकाने निरोप देतात, आणि त्यांतील बहुतेकजण परत येतात ते सणासुदीला. ह्या मुलांना आम्ही दोष देत नाही. ज्या बुद्धीला येथे प्रश्न मिळत नाहीत, ती प्रश्नांच्या शोधात बाहेर जाणारच. परंतु प्रश्न येथे आहेत. ते कारखान्याच्या भट्टीजवळ, बेदाण्याच्या शेडवर आणि नदीच्या काठावर पडलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वी एक शिक्षक वर्गातून उठून माळावर गेला आणि तेथे कारखाना उभा राहिला. आज कोणी वर्ग सोडावा, अशी आवश्यकता नाही. वर्गाचे दार माळाच्या दिशेने उघडावे, एवढेच पुरे आहे. ते उघडण्याचे काम दिल्लीचे नव्हे, मुंबईचेही नव्हे. ते कुलगुरूंचे, प्राचार्यांचे, कारखानदारांच्या संघटनांचे आणि, त्यांना ते करावयास लावणाऱ्या, आपणा सुशिक्षित नागरिकांचे आहे.